गोडव्याआधीची गाळणी : मक्याच्या पाकाचे शुद्धीकरण आणि विकराचे आयुष्य

अमेरिकेतील किराणा दुकानात शीतपेयाची बाटली, केचप, पावाचा पुडा किंवा जॅमची बरणी हातात घेऊन घटकद्रव्यांची यादी वाचू लागले, की ‘हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप’ हे शब्द वारंवार भेटतात. उसाच्या साखरेवर वाढलेल्या मराठी माणसाला हा मक्याचा पाक परका वाटतो आणि त्याच्या आरोग्यावरील परिणामांची चर्चा घरोघर होते. तो तयार कसा होतो, याविषयीचा सर्वसाधारण समज मात्र एवढाच असतो, की मक्याच्या स्टार्चमध्ये कसलेसे विकर, म्हणजे एन्झाइम, घातले की गोड पाक मिळतो. हा समज अर्धवट आहे. विकर आपले काम निमूटपणे करते हे खरे. पण त्याच्यासमोर येणारे शर्करेचे द्रावण कमालीचे स्वच्छ असेल, तरच. कारखान्यातील मोठी यंत्रसामग्री, बरेचसे पाणी, आम्ल आणि अल्कली या स्वच्छतेपायीच खर्ची पडतात आणि महागडे विकर किती दिवस टिकणार, हेही तिच्यावरच ठरते.

पाकाचे स्वरूप

या पाकाचे बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. त्यांतील शर्करेच्या एकूण घन भागात फ्रुक्टोजचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, हीच दोन प्रमाणे अधिकृत व्याख्येत नमूद केली आहेत. उरलेला भाग मुख्यतः ग्लुकोजचा असतो आणि अल्प प्रमाणात ग्लुकोजच्या लहान साखळ्या असतात. ४२ टक्क्यांचा पाक प्रामुख्याने बेकरीचे पदार्थ व डबाबंद पदार्थ यांत, तर ५५ टक्क्यांचा पाक शीतपेयांत वापरला जातो.

ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे रासायनिक सूत्र एकच आहे. त्यांच्या रेणूंतील अणूंची मांडणी तेवढी वेगळी आहे. ग्लुकोज नेहमीच्या साखरेपेक्षा कमी गोड, तर फ्रुक्टोज तिच्यापेक्षा अधिक गोड असते. त्यामुळे ग्लुकोजच्या पाकातील सुमारे अर्धे रेणू फ्रुक्टोजमध्ये बदलता आले, तर त्या पाकाची गोडी साखरेच्या जवळ येते. हा बदल घडवून आणणाऱ्या विकराला ग्लुकोज आयसोमरेज म्हणतात. निसर्गात ते सूक्ष्मजीवांमध्ये झायलोज या शर्करेवर काम करते; ग्लुकोजवरील त्याचे काम हा माणसाने शोधून काढलेला उपयोग होय.

शोधाची वाटचाल

स्टार्चपासून गोड पाक मिळतो, हे १८११ साली सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या किर्खॉफ या रसायनशास्त्रज्ञाने आम्लाच्या साहाय्याने दाखवून दिले. नेपोलियनच्या युद्धांमुळे युरोपात उसाच्या साखरेची टंचाई होती, त्या काळातील हा शोध आहे. परंतु आम्लाने मिळणाऱ्या पाकात रंग आणि कडवट चव उतरे, शिवाय ग्लुकोजची गोडी साखरेच्या तोडीची नसे. पुढे जवळजवळ दीड शतक मक्याचा पाक साखरेचा दुय्यम सोबतीच राहिला.

१९५७ साली अमेरिकेतील रिचर्ड मार्शल व अर्ल कूई यांनी ग्लुकोजचे फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराची माहिती ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मात्र त्यांच्या पद्धतीत आर्सेनेट हे विषारी द्रव्य लागे. त्यामुळे अन्नासाठी ती निरुपयोगी होती. १९६० च्या दशकात जपानमधील योशियुकी ताकासाकी यांनी स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील जिवाणूंपासून व्यवहारात वापरता येईल असे विकर मिळवले. आयोवा राज्यातील क्लिंटन येथील क्लिंटन कॉर्न प्रोसेसिंग कंपनीने त्या तंत्राचे हक्क घेतले आणि १९६७ साली सुमारे १५ टक्के फ्रुक्टोज असलेला पाक बाजारात आणला. पाठोपाठ ४२ टक्क्यांचा पाक आला.

१९७४ साली जागतिक बाजारात साखरेचे भाव विक्रमी उंचीवर गेले आणि अन्न उद्योगाचे लक्ष या पाकाकडे वळले. पुढे साखरेच्या आयातीवरील बंधनांमुळे अमेरिकेत साखर महाग राहिली. १९८० साली कोका-कोलाने आपल्या पेयातील निम्म्या साखरेच्या जागी हा पाक वापरण्यास मुभा दिली आणि १९८४ च्या अखेरीस कोका-कोला व पेप्सी या दोघांनीही अमेरिकेतील मुख्य पेयांत तो पूर्णपणे स्वीकारला.

या इतिहासातील शुद्धीकरणाच्या दृष्टीने निर्णायक टप्पा १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात आला. तोवर विकर द्रावणात विरघळवून वापरले जाई आणि एका घाणीनंतर वाया जाई. नव्या पद्धतीत ते बारीक कणांमध्ये बद्ध करून उभ्या स्तंभात भरले जाऊ लागले. वरून ग्लुकोजचे द्रावण सोडायचे आणि खालून फ्रुक्टोजयुक्त पाक घ्यायचा. या पद्धतीने विकराचा खर्च एकदम खाली आणला. त्याबरोबर एक नवी जबाबदारीही आली. पूर्वी द्रावण अशुद्ध निघाले तर एक घाणा बिघडे. आता तेच विकर महिनोन्‌महिने जागच्या जागी राहत असल्याने येणाऱ्या प्रत्येक लिटरमधील घाण त्याच्यावर साचत जाते.

मक्यापासून ग्लुकोजपर्यंत

अशुद्धी कोठून येते, हे समजण्यासाठी आधीच्या पायऱ्या पाहाव्या लागतात. मक्याचे दाणे सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या, किंचित सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्यात ३० ते ५० तास भिजवले जातात. नंतर ते भरडून त्यांतील अंकुर, कोंडा व प्रथिने एकामागून एक वेगळी केली जातात. शेवटी उरते ते स्टार्चचे दूध. कितीही धुतले तरी त्यात सुमारे ०.३ टक्के प्रथिने आणि थोडी स्निग्ध द्रव्ये राहतातच.

हे दूध साधारण १०५ अंश तापमानाला काही मिनिटे आणि नंतर ९५ अंशांच्या आसपास तास-दोन तास ठेवले जाते. या अवस्थेत अल्फा-अमायलेज हे विकर स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून मिश्रण पातळ करते. येथे पीएच साडेपाच ते सहाच्या दरम्यान लागतो. इतक्या उष्णतेत विकर टिकावे म्हणून रूढ पद्धतीत द्रावणात कॅल्शियमचा क्षार मुद्दाम घातला जातो. त्यानंतर तापमान ६० अंशांवर आणि पीएच सव्वाचार ते साडेचारवर आणून ग्लुकोअमायलेज हे दुसरे विकर मिसळतात. त्याच्या जोडीला साखळ्यांच्या फांद्या तोडणारे पुलुलनेज असते. एक ते तीन दिवसांत स्टार्चचे रूपांतर ९५ टक्क्यांहून अधिक ग्लुकोज असलेल्या द्रावणात होते.

तिसरे विकर, म्हणजे ग्लुकोज आयसोमरेज, मात्र साडेसात ते आठ इतका पीएच मागते. याचा अर्थ, तीन विकरांच्या तीन वेगवेगळ्या आवडीनिवडी सांभाळताना द्रावणात आम्ल आणि अल्कली पुन्हा पुन्हा घालावी लागतात. प्रत्येक वेळी काही क्षार मागे उरतो. मक्यातून आलेली प्रथिने व चरबी, उष्णतेने तयार झालेली रंगद्रव्ये आणि प्रक्रियेनेच वाढवलेले क्षार अशी तिहेरी अशुद्धी घेऊन हे द्रावण शुद्धीकरण विभागात येते.

स्फटिक नाही, म्हणून गाळणी

महाराष्ट्रातील वाचकाला गुऱ्हाळाची आठवण येथे उपयोगी पडेल. काहिलीत रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस आणि थोडा चुना घातला जातो. वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहिले, तरच गूळ चांगल्या रंगाचा उतरतो. साखर कारखान्यातही चुना व सल्फर डायऑक्साइड यांच्या साहाय्याने रस स्वच्छ करतात. तरीही त्यात बरेच क्षार व रंगद्रव्ये राहतात आणि ती चालूनही जातात, कारण पुढे साखरेचा स्फटिक बनतो. स्फटिक बनताना साखरेचे रेणू आपल्यासारख्याच रेणूंना जवळ करतात आणि बाकीची घाण मोलॅसिसमध्ये मागे राहते. स्फटिकीकरण हेच तेथे सर्वांत प्रभावी शुद्धीकरण होय.

मक्याच्या पाकाला ही सोय नाही. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्रवरूपच राहतो. त्यात विरघळलेला प्रत्येक पदार्थ काढून टाकला नाही, तर तो आधी विकरापर्यंत आणि पुढे ग्राहकापर्यंत पोहोचणारच. म्हणून या उद्योगाला गाळण्यांची एक लांबलचक मालिका उभी करावी लागते.

विकराचे शत्रू

ग्लुकोज आयसोमरेजला काम करण्यासाठी धातूंचे आयन लागतात. त्याच्या सक्रिय केंद्रात अशा आयनांसाठी ठरावीक जागा असतात आणि तेथे मॅग्नेशियम बसले की विकर उत्तम चालते. कॅल्शियमचा आयन त्याच जागेसाठी स्पर्धा करतो, पण जागा अडवण्यापलीकडे काही करत नाही. पहिल्या पायरीवर अल्फा-अमायलेजला आधार देणारे कॅल्शियम तिसऱ्या पायरीवर अशा रीतीने अडथळा ठरते. त्यामुळे विकरस्तंभाकडे जाणाऱ्या द्रावणात कॅल्शियम दशलक्ष भागांत एका भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ठेवण्याचा दंडक असतो. त्याच्या कित्येक पट मॅग्नेशियम असेल, याचीही काळजी घेतली जाते. तांबे, जस्त, निकेल, चांदी आणि पारा यांचे आयनही या विकराला बाधतात. यांतील काहींचा अत्यल्प अंशही पुरेसा असतो.

दुसरा शत्रू म्हणजे प्रथिने, त्यांचे तुकडे आणि अमिनो आम्ले. प्रथिने विकराच्या कणांवर थर धरतात आणि ग्लुकोजला आत शिरू देत नाहीत. अमिनो आम्ले गरम ग्लुकोजशी संयोग पावून तपकिरी रंगद्रव्ये तयार करतात. पोळी भाजताना जो खमंग तांबूस रंग येतो, त्यामागचीच ही क्रिया. पाकात मात्र ती नको असते.

तिसरा शत्रू स्निग्ध द्रव्ये आणि बारीक गाळ यांचा. तेलाचा पातळ पापुद्रा कणांवर बसतो, गाळ कणांमधील फटी बुजवतो. मग स्तंभाच्या वरच्या व खालच्या टोकांमधील दाबाचा फरक वाढतो, द्रावण सगळीकडून सारखे न वाहता मिळेल त्या वाटेने धावते आणि स्तंभाचा काही भाग निष्क्रिय राहतो.

चौथा शत्रू हवेतील ऑक्सिजन. विरघळलेला ऑक्सिजन विकराचे हळूहळू ऑक्सिडीकरण करतो आणि पाकाचा रंगही वाढवतो. पाचवा शत्रू सजीव आहे. कोमट, गोड, उदासीन द्रावण ही सूक्ष्मजीवांना मेजवानीच असते. स्तंभाचे तापमान ५५ अंशांच्या खाली गेले तर त्यांची वाढ होण्याचा धोका असतो. ६० अंशांच्या फार वर नेले तर विकरच लवकर मरते. या अरुंद पट्टीत काम चालवायचे, तर येणारे द्रावण आधीच निर्मळ असणे हाच उपाय उरतो.

शुद्धीकरणाच्या पायऱ्या

पहिली पायरी गाळण्याची. फिरत्या पिंपासारख्या निर्वात गाळणीवर डायटमयुक्त मातीचा थर दिला जातो. डायटम म्हणजे सिलिकाचे कवच असलेले सूक्ष्म शैवाल. त्यांच्या अवशेषांपासून बनलेल्या या मातीत अतिशय बारीक छिद्रे असतात. द्रावण आत ओढले जाते, तर चरबी व साकळलेली प्रथिने यांचा चिखल थरावर राहतो आणि सुरीसारख्या पात्याने सतत खरवडला जातो. अलीकडे अनेक ठिकाणी मातीऐवजी सूक्ष्म छिद्रांचे पटल वापरतात. त्यामुळे वापरलेल्या मातीची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न मिटतो. मात्र पटले वेळोवेळी धुवावी लागतात.

दुसरी पायरी सक्रियित कोळशाची. याच्या दाण्यांत असंख्य सूक्ष्म पोकळ्या असल्याने एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ कित्येक शे चौरस मीटर भरते. द्रावणातील रंगद्रव्ये, रंग येण्यास कारणीभूत होणारे हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युरल, वास देणारे पदार्थ आणि काही प्रथिने या पृष्ठभागाला चिकटून बसतात. उंच स्तंभात कोळसा वरून खाली सरकतो आणि द्रावण खालून वर जाते. त्यामुळे सर्वांत स्वच्छ झालेल्या द्रावणाची गाठ सर्वांत ताज्या कोळशाशी पडते. थकलेला कोळसा भट्टीत तापवून पुन्हा वापरण्याजोगा करतात.

विरघळलेले क्षार कोळसा काढू शकत नाही. ते काम तिसऱ्या पायरीवर आयन-विनिमयाने होते. रेझीनचे बारीक मणी भरलेल्या पहिल्या स्तंभात कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम हे धन आयन मण्यांना चिकटतात आणि त्यांच्या बदल्यात हायड्रोजनचे आयन द्रावणात येतात. अमिनो आम्लेही येथे मोठ्या प्रमाणात अडकतात. हायड्रोजनमुळे द्रावण तीव्र आम्लधर्मी होते. लगेचच्या दुसऱ्या स्तंभातील रेझीन क्लोराइड, सल्फेट यांसारखी आम्ले शोषून घेते. अशा दोन जोड्या एकामागून एक चालतात आणि तिसरी जोडी पुनरुज्जीवनासाठी बाजूला असते. पहिली जोडी थकली की दुसरी तिची जागा घेते आणि ताजी जोडी शेवटी लागते. त्यामुळे विकराकडे जाणारे द्रावण नेहमी ताज्या रेझीनमधूनच बाहेर पडते.

येथे रेझीनची निवडही विचारपूर्वक करावी लागते. दुसऱ्या स्तंभासाठी सहसा सौम्य अल्कधर्मी रेझीन घेतात. तीव्र अल्कली आणि उष्णता यांच्या सान्निध्यात ग्लुकोज आपोआप फ्रुक्टोज, मॅनोज व इतर पदार्थांत बदलू लागते. लोब्री द ब्रुइन व व्हान एकेनस्टाइन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या क्रियेचा अभ्यास केला होता. रासायनिक मार्गाने होणारा हा बदल बेशिस्त असतो. त्यात नको ते पदार्थ आणि रंग तयार होतात. शुद्धीकरणाच्या नादात पाकच बिघडू नये, ही खबरदारी प्रत्येक पायरीवर घ्यावी लागते. त्याच कारणाने आयन-विनिमयापूर्वी द्रावण थोडे थंड केले जाते.

यानंतर बाष्पित्रात पाणी उडवून द्रावणातील घन भाग ४० ते ५० टक्क्यांपर्यंत आणला जातो. आयन-विनिमयात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही गेलेले असते. म्हणून मॅग्नेशियमचा क्षार आता मोजून परत घातला जातो. आधी सगळेच काढून टाकायचे आणि मग हवे तेवढेच घालायचे, हा उलटा वाटणारा क्रम अटळ आहे, कारण दोन्ही आयन इतके सारखे वागतात की त्यांपैकी एकच वेचून काढणे व्यवहारात परवडत नाही. पीएच साडेसात ते आठवर आणणे, निर्वात पात्रात विरघळलेला ऑक्सिजन काढणे, सल्फाइटची अल्प मात्रा घालणे आणि अखेरची बारीक गाळणी या शेवटच्या क्रिया आटोपल्यावर द्रावण विकरस्तंभात प्रवेश करते.

स्तंभातील हिशेब

स्तंभात ५५ ते ६० अंश तापमानाला ग्लुकोजचे फ्रुक्टोज होऊ लागते. ही क्रिया दोन्ही दिशांनी चालणारी असल्याने या तापमानाला सुमारे निम्मे फ्रुक्टोज तयार झाले की समतोल साधतो. समतोलाच्या जवळ जाताना गती फार मंदावते. म्हणून ४२ टक्क्यांच्या आसपास थांबणे किफायतशीर ठरते. ४२ टक्क्यांच्या पाकाचा आकडा आला तो असा.

विकराची शक्ती हळूहळू घटत जाते आणि ती निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, म्हणजे अर्धायुष्य, महिन्यांत मोजला जातो. शक्ती घटली तरी बाहेर पडणाऱ्या पाकातील फ्रुक्टोजचे प्रमाण तेच राहिले पाहिजे. म्हणून द्रावण सोडण्याचा वेग कमी केला जातो. एकूण उत्पादन स्थिर राहावे यासाठी वेगवेगळ्या वयाचे अनेक स्तंभ एकाच वेळी चालवतात. साधारण दोन ते तीन अर्धायुष्ये उलटली की स्तंभ रिकामा करून नवे विकर भरले जाते.

अशुद्धीची किंमत या हिशेबात स्पष्ट दिसते. उदाहरणादाखल, एका स्तंभाचे अर्धायुष्य १०० दिवस धरले आणि निष्काळजी शुद्धीकरणामुळे ते ५० दिवसांवर आले, तर तेवढ्याच विकरापासून त्याच्या संपूर्ण आयुष्यात मिळणारा पाकही निम्माच होतो. रेझीनचे पुनरुज्जीवन एका पाळीने लांबवून वाचवलेले आम्ल आणि पाणी विकराच्या खरेदीत कित्येक पटींनी भरावे लागते. त्यामुळे आयन-विनिमयातून बाहेर पडणाऱ्या द्रावणाची विद्युत्‌वाहकता सतत मोजली जाते. ती वाढू लागली, तर क्षार निसटत असल्याची ती पहिली सूचना असते.

कॅल्शियमचे पुनरागमन

विकरस्तंभातून निघालेला पाक कोळसा व आयन-विनिमय यांतून पुन्हा एकदा जातो, कारण मुद्दाम घातलेले मॅग्नेशियम आणि नव्याने तयार झालेला रंग आता काढायचा असतो. शीतपेयांसाठी लागणारे ५५ टक्के प्रमाण मात्र विकर देऊ शकत नाही. त्यासाठी पाक वर्णलेखन पद्धतीच्या स्तंभांतून नेतात. या स्तंभांतील रेझीनवर कॅल्शियमचे आयन बसवलेले असतात. फ्रुक्टोजचा रेणू कॅल्शियमशी ग्लुकोजपेक्षा अधिक घट्ट बांधला जातो. त्यामुळे ग्लुकोज पुढे निघून जाते आणि फ्रुक्टोज मागे रेंगाळते. अशा रीतीने सुमारे ९० टक्के फ्रुक्टोजचा पाक मिळतो आणि तो ४२ टक्क्यांच्या पाकात मिसळून ५५ टक्क्यांचा पाक तयार होतो.

ज्या कॅल्शियमला विकरस्तंभाच्या दारातून हाकलून लावले, तेच येथे कामाला येते. वेगळे झालेले ग्लुकोज पुन्हा विकराकडे पाठवायचे असल्याने त्याच्याबरोबर कॅल्शियम परत जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे लागते. एकच पदार्थ एका पायरीवर मदतनीस, दुसरीवर शत्रू आणि तिसरीवर पुन्हा मदतनीस ठरतो. शुद्धता ही अशी त्या त्या पायरीच्या गरजेवर ठरते.

शुद्ध करणाऱ्या द्रव्यांची शुद्धता

शुद्धीकरणासाठी वापरलेली रसायने स्वतः किती शुद्ध आहेत, हा प्रश्न २००९ साली अनपेक्षितपणे चर्चेत आला. ‘एन्व्हायर्नमेंटल हेल्थ’ या नियतकालिकातील एका शोधनिबंधात, २००५ साली गोळा केलेल्या या पाकाच्या २० नमुन्यांपैकी ९ नमुन्यांत पारा आढळल्याचे नमूद करण्यात आले. कॉस्टिक सोडा बनविण्याच्या एका जुन्या पद्धतीत पाऱ्याचे विद्युत्‌घट वापरले जात. अशा कारखान्यांतील कॉस्टिक सोडा व आम्ल यांच्याद्वारे पाऱ्याचा अंश पाकात आला असावा, असा संशोधकांचा तर्क होता. कॉर्न रिफायनर्स असोसिएशन या उद्योगसंघटनेने ही माहिती कालबाह्य असल्याचे सांगून निष्कर्षांना आक्षेप घेतला. त्यानंतरच्या काळात पाऱ्याची पद्धत सर्वत्रच मागे पडली. २०१३ च्या मिनामाता करारानेही अशा उत्पादनातील पाऱ्याचा वापर थांबवण्यासाठी २०२५ ची मुदत घातली. या वादातून निघालेला धडा मात्र टिकून आहे. पाक ज्या द्रव्यांनी धुतला जातो, त्यांचा दर्जाही अन्नाच्याच दर्जाचा असला पाहिजे.

दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. रेझीनचे पुनरुज्जीवन म्हणजे अडकलेले क्षार आम्ल व अल्कली यांनी धुऊन काढणे. पाकातून काढलेले क्षार आणि त्यांना काढण्यासाठी वापरलेली रसायने अशा दोहोंचा भार या खारट पाण्यात येतो. जिवाणूंवर आधारलेली नेहमीची सांडपाणी प्रक्रिया विरघळलेले क्षार दूर करू शकत नाही. म्हणूनच कॅल्शियमची गरज कमी असलेली नवी अल्फा-अमायलेज विकरे विशेष महत्त्वाची ठरली. सुरुवातीला कॅल्शियम घातलेच नाही, तर नंतर ते काढण्याचा खर्च आणि त्यामागून येणारे खारट पाणी दोन्ही कमी होतात.

नव्या गोडव्यांनाही तोच नियम

अमेरिकेत या पाकाचा दरडोई खप १९९९ च्या सुमारास शिखरावर पोहोचला आणि नंतर उतरत गेला. त्याच्या जोडीला आता विकरांच्या साहाय्याने बनणारे वेगळे गोड पदार्थ येत आहेत. फ्रुक्टोजपासून बनणारे आणि अत्यल्प उष्मांक देणारे ॲल्युलोज हे त्यांतील ठळक उदाहरण. जपानमधील कागावा विद्यापीठातील केन इझुमोरी यांच्या संशोधनाने त्याचा मार्ग खुला केला. २०१९ साली एफडीएने पोषणपत्रकावरील एकूण व वरून घातलेल्या साखरेच्या आकड्यांतून ॲल्युलोज वगळण्याची मुभा देणारा मसुदा जाहीर केला. ॲल्युलोज बनविणाऱ्या बऱ्याच एपिमरेज विकरांनाही मॅंगनीज, कोबाल्ट, मॅग्नेशियम यांसारखे ठरावीक धातूचे आयन लागतात. त्यामुळे द्रावणातील क्षारांवर काटेकोर नियंत्रण तेथेही सुटत नाही.

आयसोमाल्टुलोजची कथा किंचित निराळी आहे. ते नेहमीच्या साखरेपासून, म्हणजे सुक्रोजपासून, विकराने बनते. स्वच्छ स्फटिक साखर पाण्यात विरघळवून सुरुवात केली, तर स्फटिकीकरणाने शुद्धीकरणाचे बरेचसे काम आधीच करून ठेवलेले असते. साखरेचे उत्पादन मुबलक असलेल्या महाराष्ट्रासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. कारखान्यातील रसापासून थेट सुरुवात करायची, तर चुन्याने स्वच्छ केलेल्या त्या रसातील कॅल्शियम आधी काढावे लागेल. बाष्पित्रांच्या नळ्यांत दर हंगामात साचणारे कीट हा त्या कॅल्शियमचाच पुरावा होय. मक्याच्या प्रक्रियेची परंपराही राज्याला नवी नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च व लिक्विड ग्लुकोज बनविणारा कारखाना अनेक वर्षे चालू आहे.

पाकिटावरील घटकद्रव्यांच्या यादीत कोळसा, रेझीन, आम्ल किंवा डायटमची माती यांचा उल्लेख कधीच आढळत नाही. पाक शुद्ध करून ही द्रव्ये बाजूला झालेली असतात आणि कायद्याच्या दृष्टीने ती घटकद्रव्ये नव्हेतच. तरीही विकर किती दिवस टिकले, पाक किती रंगहीन उतरला आणि कारखान्याबाहेर किती खारट पाणी गेले, या तिन्ही गोष्टींचा निर्णय गोडवा तयार होण्याआधीच, या गाळण्यांपाशी झालेला असतो.